सहावा संच: एकलहऱ्याला न उभ्या राहिलेल्या वीजसंचाचा कागदोपत्री इतिहास

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदीत एकलहऱ्याच्या नाशिक औष्णिक वीज केंद्राच्या नावापुढे पाच संच सापडतात. पहिला ऑगस्ट १९७० चा, दुसरा मार्च १९७१ चा. दोन्ही मूळचे १४० मेगावॉटचे, पुढे वयोमानाने १२५ वर उतरवलेले. तिसरा एप्रिल १९७९, चौथा जुलै १९८० आणि पाचवा जानेवारी १९८१. हे तिन्ही २१० मेगावॉटचे. पहिले दोन निवृत्त झाले, मागचे तीन चाळिशी ओलांडूनही कामावर आहेत.

सहावा संच या नोंदीत नाही. तो ६६० मेगावॉटचा, निवृत्त झालेल्या दोन जुन्या संचांच्या बदल्यात उभारायचा. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या प्रस्तावित प्रकल्पांच्या तक्त्यात तो वर्षानुवर्षं दिसतो. कामगार संघटनांच्या निवेदनांत, लोकप्रतिनिधींच्या मागण्यांत आणि ऊर्जामंत्र्यांच्या आश्वासनांत दिसतो. एकलहऱ्याच्या जमिनीवर मात्र दिसत नाही. आपल्याकडे इतिहास बहुधा उभ्या राहिलेल्या गोष्टींचा लिहिला जातो. त्यांचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, तारीख मिळते. न उभ्या राहिलेल्या गोष्टीचा माग काढायचा तर निरनिराळ्या कार्यालयांचे, एकमेकांशी न बोलणारे कागद शेजारी ठेवावे लागतात. तसे ते ठेवले की नाशिकबद्दलचा एक सोपा समज ढासळतो. कोळशाचा विस्तार थांबला म्हणजे कुणीतरी तो थांबवला असणार, असा तो समज. सहाव्या संचाविरुद्ध नाशिक रस्त्यावर उतरलं नाही. उलट जे रस्त्यावर उतरले ते 'संच द्या' म्हणत उतरले.

आधी पहिल्या पाचांकडे पाहू, कारण त्यांच्या तारखा एका वेगळ्या यादीशेजारी ठेवण्यासारख्या आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं ७ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे एकलहऱ्याचा पहिला संच सुरू झाल्यानंतर. तेही राज्याच्या १९६९ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याखाली. हवेशी त्याचा संबंध नव्हता. केंद्राचा पाण्याचा कायदा १९७४ चा. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, आणि तो अमलात आला त्या वर्षीच्या १६ मे रोजी. तोवर पाचवा संच सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते. एकलहऱ्याचं आख्खं केंद्र, पहिल्या संचापासून पाचव्यापर्यंत, देशात हवेचा कायदा अमलात येण्याआधी चालू झालं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. प्रकल्पाआधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल मागणारी अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. तो अहवाल लोकांपुढे ठेवून जनसुनावणी घ्या, असं बंधन आलं ते एप्रिल १९९७ मध्ये.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे, ओढा या गावांनी सत्तरच्या दशकात कोळशाच्या केंद्राला विरोध केल्याची सरकारी नोंद शोधायला गेलं, तर ती तिथे असण्याचा प्रश्नच येत नाही. विरोध लिहून घ्यायला रकानाच नव्हता. जमीन संपादनाच्या कागदावर हरकत घेता येत होती. ती जमिनीची आणि मोबदल्याची हरकत. धूर, राख, नदीचं पाणी यांवर मत विचारणारा कागदच अस्तित्वात नव्हता. म्हणून त्या काळाच्या शांततेला संमती म्हणणं चूक, आणि दबलेला असंतोष म्हणणंही तितकंच चूक. या बाबतीत पुरावा दोन्ही बाजूंनी गप्प आहे.

केंद्र एकलहऱ्यालाच का, याचं उत्तर मात्र नकाशावर मिळतं. शेजारून मुंबई-भुसावळ लोहमार्ग जातो, ओढ्याला स्थानक आहे, आणि गोदावरी हाताशी आहे. साठच्या दशकात नाशिकला सातपूरची औद्योगिक वसाहत झाली, ओझरला विमानांचा कारखाना आला. डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेचा वीजपुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा एकाच जलविद्युत प्रकल्पावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न राज्यापुढे होताच. मागणीच्या जवळ, रुळाच्या आणि नदीच्या कडेला केंद्र बांधायचं आणि कोळसा लांबून आणायचा, हा विचार त्या काळाला धरून होता. नाशिकजवळ कोळशाची खाण नाही. विदर्भातल्या खाणी शेकडो किलोमीटरवर. या अंतराचा खर्च तेव्हा कुणी फारसा मोजला नाही. सहाव्या संचाच्या गोष्टीत तोच पुढे निर्णायक ठरला.

उरलेल्या तीन संचांचा एका दिवसाचा हिशेब करून पाहता येतो. ६३० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर १ कोटी ५१ लाख युनिट वीज. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला साडेदहा हजार टन, म्हणजे मालगाडीचे अडीच ते तीन रेक रोज. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं. पस्तीस टक्के धरलं तरी साडेतीन हजार टनांहून जास्त राख दिवसाकाठी. पाण्यासाठी डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरची कमाल मर्यादा घातली. त्या मर्यादेत राहूनही दिवसाला ५ कोटी २९ लाख लिटर पाणी लागू शकतं. शहरात माणशी १३५ लिटरचा निकष लावला तर हे जवळपास चार लाख लोकांचं पाणी झालं. आकडे पूर्ण क्षमतेचे आहेत. प्रत्यक्षात केंद्र इतकं चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वापर कमी. पण गंगापूर धरणाच्या पाण्याचं दर वर्षी वाटप करताना एकलहऱ्याचं आरक्षण वेगळं का मांडावं लागतं, हे यावरून कळतं. खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आहे, महाराष्ट्रातली रामसर यादीत गेलेली पहिली पाणथळ जागा. त्याच्याही खाली मराठवाड्याचं जायकवाडी धरण. नाशिकने किती पाणी अडवायचं आणि मराठवाड्याला किती सोडायचं, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला. अशा नदीवर आणखी ६६० मेगावॉटचा औष्णिक संच मागणं म्हणजे त्या वादात एक नवा वाटेकरी आणणं होतं. संच मागणाऱ्यांच्या निवेदनांत भर असे तो रोजगारावर. पाण्याच्या या बाजूवर नव्हे.

२००५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. ६ जूनला राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं आणि एकलहरे महानिर्मितीकडे आलं. वीज तयार करणारी कंपनी वेगळी, विकणारी वेगळी, आणि दर ठरवणारा आयोग तिसराच. याच सुमारास भारनियमनाने राज्य हैराण झालं होतं. एन्रॉनचं दाभोळचं वीज केंद्र २००१ मध्ये बंद पडलेलं, नवी केंद्रं उभी नाहीत, खेड्यांत बारा-बारा तास अंधार. २०१२ च्या डिसेंबरपर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त करू, असं आश्वासन सरकार देत होतं. त्या काळात कोळशाला विरोध करणं म्हणजे अंधाराची बाजू घेणं, असं वातावरण होतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने २०११ मध्ये देशभरातल्या पर्यावरण मंजुऱ्या एकत्र करून मोजल्या, तर मंजूर आणि रांगेतले औष्णिक प्रकल्प मिळून सुमारे ७ लाख मेगावॉटच्या घरात गेले. त्या वेळच्या देशाच्या गरजेशी या आकड्याचा मेळ बसत नव्हता. मंजुरी हेच भांडवल झालं होतं.

नाशिक जिल्ह्यात या लाटेचा मुक्काम सिन्नर तालुक्यात पडला. गुळवंच-मुसळगाव परिसरात औद्योगिक विकास महामंडळामार्फत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांची जमीन गेली, हजार हेक्टरच्या आसपास, आणि तिच्यावर इंडियाबुल्स समूहाचा वीजप्रकल्प आला. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट. दुसऱ्या टप्प्यात तेवढेच आणखी. सिन्नर हा पावसाच्या छायेतला तालुका. पाणी आणायचं ते नाशिक महापालिकेच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून, असं ठरलं. कोळसा आणायचा तर एकलहऱ्याच्या बाजूने गुळवंचपर्यंत नवा लोहमार्ग हवा. त्या मार्गासाठी पुन्हा जमीन हवी, आणि इथे मात्र शेतकरी अडून बसले.

या विरोधाचं स्वरूप नीट पाहावं असं आहे. जमीन एकदा गेली होती, तिच्यावर कारखान्यांची रांग येईल असं सांगितलं होतं, आणि आली ती एक चिमणी. आता रुळासाठी बागायती पट्टे मागितले जात होते. शेतकऱ्यांचं म्हणणं मोबदल्याचं होतं, नोकरीचं होतं, पाण्याचं होतं: नाशिकचं सांडपाणी गोदावरीत परत गेलं नाही तर खालच्या कालव्यांना काय मिळणार? यात 'कोळसा नको, सूर्य हवा' ही मागणी शोधू नये. तरीही परिणाम तोच झाला, कोळशाचा विस्तार अडला. पहिला संच २०१४ मध्ये सुरू झाला, उरलेले चार २०१७ मध्ये. तोवर त्यांची वीज घेणारा पक्का करार हातात नव्हता. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने आपल्या ३७ व्या अहवालात थकीत कर्जात सापडलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची यादी छापली, एकूण ४०,१३० मेगावॉटची. तिच्यात नाशिकचे हे १,३५० मेगावॉट आहेत. तोपर्यंत नाव बदलून रतनइंडिया झालं होतं, पुढे सिन्नर थर्मल पॉवर. दुसरा टप्पा कागदावरच राहिला. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बांधून पूर्ण झालेलं आणि जवळजवळ न चाललेलं वीज केंद्र पाहायचं असेल तर ते सिन्नरजवळ आहे.

विरोधाचा पूर्ण कागद कसा दिसतो, हे पाहायला त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारमार्गे घाट उतरून डहाणूला जावं लागतं. मुंबईला वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने तिथे २५० मेगावॉटचे दोन संच उभारायचं ठरवलं, तेव्हा एकलहऱ्याला नसलेला रकाना तयार झाला होता. १९८६ चा कायदा आला होता, आणि चिकूच्या बागा व मच्छीमारी असलेल्या या पट्ट्यात कागद लिहू शकणारी माणसंही होती. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट आधी मुंबई उच्च न्यायालयात हरला, मग मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरला. केंद्र उभं राहिलं. पण त्या निकालात एक वाक्यखंड उरला. धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेची अट केंद्र सरकारने पुरता विचार केल्याशिवाय शिथिल होऊ नये, अशा आशयाचा. त्यानंतर तीन महिन्यांत, २० जून १९९१ रोजी, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र प्राधिकरण नेमायला लावलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीशी वर्षानुवर्षं झगडून ती २००७ मध्ये चालू झाली.

डहाणूवाले खटला हरले आणि अट जिंकले. देशातल्या बाकीच्या केंद्रांना जी यंत्रणा २०१५ च्या अधिसूचनेने सांगितली आणि पुढे दहा वर्षं मुदतवाढीत गेली, ती डहाणूला आठ वर्षं आधीच बसली. हरलेल्या निकालातल्या एका अटीला लोक सोळा वर्षं धरून बसले म्हणून. पण डहाणूच्या कागदांतही सूर्य नाही. १९९१ मध्ये तो असणं शक्यही नव्हतं. त्यांना वाचवायच्या होत्या बागा आणि किनारा.

मग नाशिकच्या वीजकागदांत सूर्य आला कधी? तो मोर्च्यातून आला नाही, दरपत्रकातून आला. राज्याचं अपारंपरिक ऊर्जेचं धोरण ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झालं. वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये वितरण कंपन्यांवर नवीकरणीय खरेदीचं बंधन घातलं: एकूण विजेच्या ६ टक्के, वाढत वाढत २०१५-१६ ला ९ टक्के. त्यात सौरऊर्जेचा वाटा सुरुवातीला पाव टक्का. पाव टक्क्याला कुणी घाबरत नाही. त्याच वर्षी केंद्राच्या सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटमागे १० रुपये ९५ पैसे होती. त्या दराशी तुलना केली तर एकलहऱ्याचा सहावा संच मागणारा कामगार नेता शहाणाच म्हणावा लागेल. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. २०१९ च्या नियमांत आयोगाने बंधन २५ टक्क्यांवर नेलं, २०२४-२५ पर्यंत गाठायचं, त्यात सौर साडेतेरा. नऊ वर्षांत जमीन सरकली होती, आणि ती नाशिकच्या गांधीनगर-जेलरोडच्या सभांत नव्हे, आयोगाच्या परिशिष्टांत सरकली.

सहाव्या संचाला मारणारी दुसरी गोष्ट याच परिशिष्टांत आहे. महावितरण ही राज्याची वितरण कंपनी वीज घेते ती इंधनखर्चाच्या क्रमाने: ज्याचा कोळसा स्वस्त पडतो त्याची वीज आधी, महाग पडतो त्याची शेवटी. चंद्रपूर-कोराडीला खाण दाराशी. एकलहऱ्याला तोच कोळसा रेल्वेभाडं भरून येतो. त्यामुळे मागणी उतरली की एकलहऱ्याचे संच आधी मंदावतात किंवा राखीव बंद ठेवले जातात, आणि वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा स्थिर आकार मात्र चालूच राहतो. १९७० मध्ये न मोजलेलं अंतर आता प्रत्येक महिन्याच्या क्रमवारीत मोजलं जाऊ लागलं. महानिर्मितीच्या तक्त्यात एकेकाळी दोन सहावे संच शेजारी होते, दोन्ही ६६० मेगावॉटचे, दोन्ही जुन्यांच्या बदल्यात: एक एकलहऱ्याचा, एक भुसावळच्या दीपनगरचा. दीपनगर खाणींना जवळ. तिथला संच उभा राहिला.

एकलहऱ्याच्या मागणीकडे तुच्छतेने पाहायचं कारण नाही. पहिले दोन संच बंद झाले तेव्हा वसाहतीतली घरं रिकामी पडू लागली, कंत्राटी कामगारांचे हजेरीपट आखडले, नाक्यावरचा धंदा बसला. ज्यांनी केंद्रासाठी जमिनी दिल्या त्यांच्या पुढच्या पिढीला नोकरीचं आश्वासन पुरं व्हावं असं वाटणारच. कोळशाऐवजी सूर्य, असं नाशिकच्या गंगापूर रोडवर म्हणणं सोपं आहे. सामनगावच्या कंत्राटदाराच्या हाताखालच्या फिटरला त्या वाक्यात आपली जागा दिसत नाही, आणि ती दाखवण्याची तसदी सौरऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी फारशी घेतलेली नाही. संच गेला तर माणसांचं काय, याची योजना सरकारने बंद पडलेल्या संचांच्या वेळीच मांडायला हवी होती. तिच्या अभावी नवा संच हीच एकमेव योजना उरली.

सौरऊर्जेचाही हिशेब सवलत न देता करावा. ६६० मेगावॉटचा संच ऐंशी टक्के भाराने चालला तर वर्षाला सुमारे ४६२ कोटी युनिट. तेवढी वीज सूर्याकडून घ्यायची तर, एक मेगावॉट वर्षाला साडेसतरा लाख युनिट देतो असं धरून, २,६०० मेगावॉटच्या वर सौरपट्ट्या लागतील. मेगावॉटला चार एकर म्हटलं तरी दहा हजार एकरांहून अधिक. सिन्नरच्या विशेष आर्थिक क्षेत्राची जवळपास सगळी जमीन सौरपट्ट्यांनी भरली तरी गणित पाव हिश्श्यावर थांबतं. शिवाय संध्याकाळी सातला, सूर्य मावळल्यावर शहर दिवे लावतं. त्यावरचं उत्तर नाशिकच्या डोंगरांत अंशतः आहे: वैतरणेचं ६० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र १९७६ पासून आहे, आणि इगतपुरीच्या दक्षिणेला घाटघरला पाणी दिवसा-रात्रीच्या फरकाने वर-खाली खेळवणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालतो. तशी साठवण वाढवायची तर पुन्हा डोंगर, पुन्हा जंगल, पुन्हा आदिवासींची गावं. जागा न मागणारी वीज नसते.

म्हणूनच मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे कागद महत्त्वाचे वाटतात. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत मोठी झालेली ही योजना हजारो एकरांचा सलग तुकडा मागत नाही. गावाच्या उपकेंद्राजवळ दोन-पाच-दहा मेगावॉटचा प्रकल्प, त्याच उपकेंद्रावरचे शेतीपंप दिवसा चालवायचे. रात्री बिबट्याच्या सावटात पाणी धरायला जाणाऱ्या निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला सूर्याच्या बाजूचं हे पहिलं कळणारं कारण. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा झाला, २०२४ मध्ये. इथेही वाद आहे: गायरान जमिनी सौर प्रकल्पांना देण्यावरून अनेक गावांनी हरकती घेतल्या आहेत. गुरं चारणारा आणि गायरानावर पोट असलेला भूमिहीन या भाड्याच्या हिशेबात येत नाही. गुळवंचच्या कागदांत जे दिसतं त्याचीच ही लहान प्रत आहे, आणि ती वेळीच वाचली नाही तर सौरऊर्जेलाही आपला लोहमार्ग भेटेल.

दरम्यान कोळसा गेलेला नाही. २० जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज कंपन्यांना कळवलं की मागणी पाहता २०३० पर्यंत एकही औष्णिक संच निवृत्त करू नये. एकलहऱ्याचे तीन वृद्ध संच या सल्ल्याच्या छायेत चालू आहेत. २९ मे २०२३ रोजी कोराडीला ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. तिथे नागपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध नोंदवला आणि सौरऊर्जेचा पर्याय पुढे ठेवला. १९९७ च्या त्या रकान्यात अखेर सूर्य लिहिला गेला. नवे संच तरीही पुढे सरकले. मग २०२४ मध्ये महावितरणने अशी निविदा काढली की तिला विरोध कसा करायचा हेच कळू नये: ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक, दोन्ही एकत्र. सप्टेंबरमध्ये ती अदानी समूहाला मिळाली, युनिटमागे सरासरी ४ रुपये ८ पैसे दराने. सौर हवं म्हणणाऱ्याला त्यातून कोळसाही मिळतो, आणि वेगळं नाही म्हणायला जागा नाही.

नाशिकमध्ये विजेवर जाहीर सुनावणी होते ती दराची. आयोग येतो, मालेगावचे यंत्रमागधारक, सातपूर-अंबडचे कारखानदार, शेतीपंपांची थकबाकी सांगणारे शेतकरी बोलतात. महाग पडणाऱ्या केंद्रांचा स्थिर आकार आम्ही का भरायचा, असा प्रश्न त्या दालनात विचारला जातो तेव्हा तो कोळशाच्या विस्ताराविरुद्धचा या शहरातला सर्वांत परिणामकारक युक्तिवाद असतो. विचारणाऱ्याच्या मनात हवामानबदल नसेलही.

सिन्नरचा बंद प्रकल्प महानिर्मिती आणि एनटीपीसी यांनी मिळून दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून घ्यायचं ठरवलं, आणि भारतीय स्पर्धा आयोगाने त्याला मंजुरी दिली. ६६० मेगावॉट मागणाऱ्या जिल्ह्याला अशा रीतीने त्याच्या दुप्पट तयार कोळसाकेंद्र सरकारी मालकीत मिळतं आहे. एकलहऱ्याच्या सहाव्या संचाची फाइल त्यामुळे पुन्हा उघडेल असं मला वाटत नाही. गुळवंचचा लोहमार्ग, सांडपाण्याचा करार, राखेची जागा या फाइली मात्र उघडतील, आणि शेतकऱ्यांच्या जुन्या हरकती त्यांत पहिल्या पानावर असतील.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने गंधक काढणाऱ्या यंत्रणेचे नियम पुन्हा बदलले. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना ती बंधनकारक, मुदत डिसेंबर २०२७. ठरावीक प्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेकाचा वेगळा. बाकीच्यांना, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर, गंधकाच्या मर्यादेतून सूट. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आहे, आणि एकलहरे शहराच्या वेशीला लागून. गुळवंच त्या १० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, सिन्नर तालुक्यात.